अभ्यास समजतो, पण वेळेवर होत नाही : कार्यकारी क्षमता आणि विद्यार्थ्यांना मिळणारे मार्गदर्शन

विषय समजतो, वर्गात विचारले तर उत्तर देता येते. तरीही वही अपुरी राहते, प्रकल्पाचे काम आदल्या रात्री सुरू होते आणि अर्ज भरण्याची मुदत टळून जाते. अशा मुलामुलींविषयी शाळेचा शेरा बहुधा ठरलेला असतो : हुशार आहे, पण आळशी आहे. गेल्या सुमारे ५० वर्षांतील मानसशास्त्रीय आणि मेंदूविषयक संशोधनाने या शेऱ्याचा फेरविचार करायला लावला आहे. एखादी गोष्ट कळणे आणि ती ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने पार पाडणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पहिली चांगली असताना दुसरी कच्ची असू शकते, आणि दुसरी प्रयत्नपूर्वक शिकावी लागते. या दुसऱ्या प्रकारच्या क्षमतांना एकत्रितपणे कार्यकारी क्षमता किंवा एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हटले जाते.

या क्षमता वाढाव्यात म्हणून विद्यार्थ्याला व्यक्तिगत साहाय्य देण्याची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत विकसित झाली. तिला एक्झिक्युटिव्ह फंक्शन कोचिंग असे नाव आहे. ऑनलाइन माध्यमातून ती आता भारतातील पालकांपर्यंतही पोहोचू लागली आहे. मात्र आपल्याकडे ‘कोचिंग’ हा शब्द शिकवणी वर्गाशी इतका घट्ट जोडला गेला आहे की, दोहोंतील फरक आधीच स्पष्ट करायला हवा. शिकवणी वर्गात गणित शिकवले जाते. या मार्गदर्शनात गणिताचा अभ्यास केव्हा, कुठून आणि कसा सुरू करायचा, हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायला शिकावे, असा प्रयत्न असतो.

संकल्पना कशी घडली

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ लोहमार्गाचे काम सुरू असताना सुरुंगाची दारू अवेळी पेटली. सुरुंग ठासण्याची लोखंडी पहार फिनियस गेज या २५ वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीच्या वरच्या भागातून बाहेर पडली. गेज वाचला. त्याचे चालणे, बोलणे आणि स्मरण शाबूत राहिले. मात्र पूर्वी कामात चोख असलेला हा माणूस आता बेत आखतो आणि आखताक्षणी सोडून देतो, असे त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात नोंदवले. गेजच्या कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. पुढे त्याने चिलीमध्ये अनेक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकली. रोजच्या ठरलेल्या, शिस्तबद्ध कामामुळे तो बऱ्याच अंशी सावरला असावा, असे मत त्याच्या जीवनाचे अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांनी मांडले आहे.

सोव्हिएत मज्जामानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी दुसऱ्या महायुद्धात मेंदूला दुखापत झालेल्या सैनिकांचा दीर्घ अभ्यास केला. कृतीची आखणी करणे, ती चालू असताना तिच्यावर लक्ष ठेवणे आणि निष्पत्ती मूळ हेतूशी पडताळून पाहणे, ही कामे मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. १९७४ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यस्मृतीचे प्रारूप मांडताना तिच्या केंद्रस्थानी एक ‘मध्यवर्ती कार्यकारी’ घटक कल्पिला.

१९८२ मध्ये अमेरिकन मज्जामानसशास्त्रज्ञ म्युरियल लेझाक यांनी एका अडचणीकडे लक्ष वेधले. नेहमीच्या चाचण्यांत काय करायचे, केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबायचे हे परीक्षकच सांगतो. त्यामुळे स्वतःहून काम सुरू करण्याची किंवा ते आखण्याची उणीव चाचणीत दिसतच नाही. प्रश्न समोर ठेवला की उत्तर येते. प्रश्न स्वतःच उभा करायचा असला की माणूस अडखळतो. शाळेत हुशार आणि घरी अव्यवस्थित, अशा मुलांचे कोडे समजून घेताना हा मुद्दा आजही उपयोगी पडतो.

तीन मूलभूत क्षमता

२००० मध्ये अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर कार्यकारी क्षमतांचे तीन मूलभूत घटक सर्वसाधारणपणे मानले जातात.

पहिला घटक म्हणजे कार्यस्मृती. माहिती काही क्षण मनात धरून त्याच वेळी तिच्यावर काम करण्याची ही क्षमता आहे. शाब्दिक उदाहरण सोडवताना पहिल्या ओळीतील आकडे लक्षात ठेवून शेवटच्या ओळीतील प्रश्नाकडे जाणे हे तिचे काम. तिची मर्यादा फार लहान आहे. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार प्रौढ माणूसही एका वेळी साधारण चारच घटक मनात धरू शकतो. ‘वही काढ, तारीख घाल, समास आख, पान ४२ वरील तिसरा आणि पाचवा प्रश्न लिही आणि आईची सही आण’ या एका दमात दिलेल्या सूचनेतील शेवटचा भाग मुलाकडून सुटला, तर त्यात नवल नाही.

दुसरा घटक आवर घालण्याचा. मनात आलेली पहिली प्रतिक्रिया रोखणे, मोबाइलवर संदेश आल्याचे कळूनही हातातील परिच्छेद पूर्ण करणे, प्रश्न पुरता वाचल्याखेरीज उत्तर न लिहिणे, या गोष्टी त्यात येतात. तिसरा घटक वैचारिक लवचिकतेचा. एक रीत लागू पडत नाही असे दिसताच दुसरी वापरणे, किंवा वेळापत्रक कोलमडले तर दिवस वाया गेला असे न मानता उरलेल्या वेळाची नवी मांडणी करणे, यासाठी ती लागते.

नियोजन, वेळेचा अंदाज, कामाची सुरुवात, साहित्याची मांडामांड आणि स्वतःच्या कामाची तपासणी ही दैनंदिन कौशल्ये या तीन घटकांवर उभी असतात.

वय आणि अपेक्षा यांतील अंतर

या क्षमतांशी प्रामुख्याने संबंधित असलेला मेंदूचा भाग, म्हणजे कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, मेंदूत सर्वांत उशिरा परिपक्व होणाऱ्या भागांपैकी आहे. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत सुरू राहते. दहावी, बारावी, प्रवेश परीक्षा, वसतिगृहातील पहिले वर्ष असे सर्वाधिक नियोजन मागणारे टप्पे मात्र त्याआधीच येतात. सर्वच किशोरवयीनांना हे अंतर कमीअधिक जाणवते. काहींना ते फार जास्त जाणवते.

अवधान-अभाव आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलांचा त्यात समावेश होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक तुलना आढळते. मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी कमाल पातळीवर पोहोचण्याचे मध्यम वय इतर मुलांत सुमारे साडेसात वर्षे, तर एडीएचडी असलेल्या मुलांत सुमारे साडेदहा वर्षे होते. वाढीचा क्रम तोच होता, पण तो सुमारे तीन वर्षांनी मागे होता आणि हा उशीर मेंदूच्या पुढच्या भागात विशेष ठळक होता. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, चिंताविकार, नैराश्य आणि दीर्घकाळ अपुरी झोप यांमुळेही कार्यकारी क्षमतांवर ताण येतो.

‘कार्यकारी क्षमता कमी असणे’ हे स्वतंत्र वैद्यकीय निदान नाही. ते एक वर्णन आहे. त्यामागचे कारण शोधणे हे बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचे काम आहे.

मार्गदर्शनाची कार्यपद्धती

एडीएचडी असलेल्या प्रौढांना सोबत करणाऱ्या मार्गदर्शकाची कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकेत रुजली. डॉ. एडवर्ड हॅलोवेल आणि डॉ. जॉन रेटी यांच्या १९९४ मधील पुस्तकाने तिला प्रसिद्धी दिली. शालेय मुलांसाठी या कामाची पद्धतशीर मांडणी न्यू हॅम्पशायरमधील मानसशास्त्रज्ञ पेग डॉसन आणि रिचर्ड ग्वेअर यांनी केली. त्यांनी या क्षमतांची ११ व्यवहार्य कौशल्यांत विभागणी केली आणि प्रत्येक मुलाची बलस्थाने व उणिवा वेगवेगळ्या असतात, यावर भर दिला.

प्रत्यक्षात हे काम साधे दिसते. मार्गदर्शक आणि विद्यार्थी आठवड्यातून एक-दोनदा भेटतात. गरज असल्यास मध्ये काही मिनिटांचे दूरध्वनी होतात. आरंभी मागील आठवड्यात काय ठरले होते आणि काय झाले, याची नोंद घेतली जाते. काम राहिले असेल, तर कारणाचा बारकाईने शोध घेतला जातो. कामाचा आवाका कळला नव्हता, वेळेचा अंदाज चुकला होता, सुरुवातच जमली नाही की काम करूनही ते जमा करायचे राहिले, या चार अडचणींवरील उपाय चार वेगळे आहेत. ‘नीट अभ्यास कर’ या उपदेशात त्यांतील एकही येत नाही.

पुढची पायरी काम फोडण्याची. ‘इतिहासाचा प्रकल्प पूर्ण करणे’ ही एक कृती नाही. विषय ठरवणे, ग्रंथालयातून दोन पुस्तके आणणे, टिपणे काढणे, कच्चा मसुदा लिहिणे, चित्रे चिकटवणे आणि पक्की प्रत तयार करणे अशा सहा कृती त्यात दडलेल्या असतात. त्या कागदावर उतरल्या की कार्यस्मृतीवरचा भार हलका होतो. प्रत्येक कृतीसमोर दिवस आणि अंदाजे वेळ लिहिला जातो. काम झाल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळही लिहिला जातो.

या दुहेरी नोंदीला आधार आहे. डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नियोजनातील एका नेहमीच्या चुकीचे वर्णन केले : माणूस पूर्वीचा अनुभव बाजूला ठेवून सर्व काही सुरळीत होईल असे गृहीत धरतो. कॅनडातील रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्ततेचा अंदाज विचारला. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. सगळेच बिनसले तर किती लागतील, या प्रश्नाला मिळालेले सुमारे ४९ दिवसांचे उत्तरही कमी पडले. स्वतःच्या हातच्या नोंदी समोर असल्या म्हणजे पुढचा अंदाज आशेऐवजी अनुभवावर बेतता येतो.

सुरुवात करण्याची अडचण सोडवण्यासाठी ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असा नेमका संकल्प उपयोगी पडतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीतील एक वृत्तांत ४८ तासांत लिहून पाठवायचा होता. कोठे आणि केव्हा लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवले, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्क्यांनी तो मुदतीत लिहिला. ज्यांनी तसे ठरवले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. ‘रोज विज्ञान वाचीन’ यापेक्षा ‘संध्याकाळचा चहा झाला की जेवणाच्या टेबलावर बसून विज्ञानाचे पहिले उदाहरण सोडवीन’ हा संकल्प अधिक काम करतो, तो याच कारणाने. वेळ आणि जागा आधीच ठरल्यामुळे त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही.

परांची उभारणे आणि काढणे

या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग तिच्या शेवटाशी आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचताना मोठ्या माणसाची मदत कशी होते, याचा अभ्यास केला आणि त्या मदतीला इमारतीच्या बांधकामातील परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची लागते. भिंत सुकल्यावर ती काढायची असते. ती कायम राहिली, तर भिंत स्वतःच्या बळावर उभी आहे की नाही, हे कळतच नाही.

म्हणून चांगल्या मार्गदर्शनाच्या पहिल्या महिन्यात यादी मार्गदर्शक आणि विद्यार्थी मिळून करतात, दुसऱ्या महिन्यात विद्यार्थी करतो आणि मार्गदर्शक पाहतो, आणि पुढे विद्यार्थी यादी करून केवळ कळवतो. टप्प्यांचा काळ प्रत्येकासाठी वेगळा असेल, पण दिशा हीच असते. कोणता आधार केव्हा काढायचा, हे पहिल्या भेटीपासून मनात असावे लागते. मूल मागे पडले तर एखादा आधार काही काळ परत उभारावा लागतो. तेवढ्याने आधीचे श्रम फुकट जात नाहीत.

पुरावे काय सांगतात

कार्यकारी क्षमता वाढवण्याचे दावे करणारी बाजारपेठ मोठी आहे. त्यांतील सर्व दावे टिकलेले नाहीत. संगणकावरील खेळांतून कार्यस्मृती वाढते आणि त्यामुळे अभ्यास सुधारतो, असे सांगितले जात असे. मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि चार्ल्स हुल्म यांनी २०१३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. सराव केलेल्या प्रकारच्या चाचण्यांत तात्पुरती सुधारणा होते, पण ती वाचन, गणित यांसारख्या इतर कौशल्यांत उतरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जानेवारी २०१६ मध्ये लुमॉसिटी हा मेंदूच्या व्यायामाचा कार्यक्रम विकणाऱ्या कंपनीने अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने केलेल्या फसव्या जाहिरातींच्या आरोपांवरून २० लाख डॉलर भरून तडजोड केली.

प्रत्यक्ष व्यक्तीने केलेल्या मार्गदर्शनाचे चित्र अधिक आशादायक आहे. एरिक बेटिंजर आणि रेचल बेकर यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतील १३ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील प्रयोगाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सोडत पद्धतीने निवडलेल्या विद्यार्थ्यांना दूरध्वनी व ई-मेलद्वारे नियमित मार्गदर्शन मिळाले. त्यात अभ्यासाच्या आशयापेक्षा उद्दिष्टे, वेळेचे नियोजन आणि मार्गातील अडचणी यांवर भर होता. वर्षभरानंतर शिक्षण सुरू ठेवणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ५ टक्के बिंदूंनी अधिक आढळले आणि मार्गदर्शन थांबल्यानंतरच्या वर्षातही फरक टिकून राहिला. यातील अनेक विद्यार्थी वयाने मोठे होते, त्यामुळे हा निष्कर्ष शाळकरी मुलांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

टोरंटो विद्यापीठात फिलिप ओरिओपोलोस आणि उरोस पेट्रोनिजेविच यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चार हजारांहून अधिक विद्यार्थी होते. काहींना ऑनलाइन स्वाध्याय, काहींना मोबाइलवर प्रोत्साहनाचे संदेश, तर निवडक थोड्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मार्गदर्शक देण्यात आला. गुणांत लक्षणीय वाढ केवळ या शेवटच्या गटात दिसली. संदेश सर्वांना स्वस्तात पाठवता येतात, पण त्यांचा गुणांवर परिणाम झाला नाही. नियमितपणे भेटणारी, मागच्या आठवड्यातील अडचण लक्षात ठेवणारी व्यक्ती हा या पद्धतीचा गाभा आहे, हे यातून सूचित होते. खर्च आणि प्रसार यांच्या मर्यादाही तेथूनच सुरू होतात.

भारतातील संदर्भ

भारतात या विषयाला एक वेगळा पैलू आहे. कोटा, लातूर, हैदराबाद यांसारख्या केंद्रांत प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस बव्हंशी संस्था आखते. कोणत्या दिवशी कोणता धडा, केव्हा चाचणी, केव्हा उजळणी, हे सर्व ठरलेले असते. घरी हीच भूमिका अनेकदा आई-वडील बजावतात. परीक्षेपुरता याचा उपयोग होतो, हे नाकारता येत नाही. मात्र लेझाक यांनी चाचण्यांबाबत दाखवलेली अडचण येथेही लागू पडते. सर्व रचना बाहेरून मिळत असताना विद्यार्थ्याची स्वतः रचना करण्याची क्षमता तपासलीच जात नाही, आणि तिचा सरावही होत नाही. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात ती रचना एकाएकी नाहीशी होते. प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक मिळवलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात मागे पडतो, तेव्हा त्याची बुद्धी कमी झालेली नसते. परांची एका दिवसात काढली गेलेली असते.

शासकीय पातळीवर काही पावले पडली आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक वर्ग घेऊ नयेत आणि समुपदेशनाची व्यवस्था असावी, असे त्यांत नमूद आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश देताना १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सांगितले. या व्यक्तींचे काम संकटकाळी धीर देण्यापुरते न राहता साप्ताहिक नियोजनाच्या सोबतीपर्यंत वाढले, तर खासगी शुल्क न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंतही हे साहाय्य पोहोचू शकेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. लेखी परीक्षांसाठी केंद्राने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार निर्धारित प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या परीक्षार्थींना तासामागे किमान २० मिनिटे अधिक देण्याची तरतूद करण्यात आली. ही सवलत मोलाची आहे. तथापि, ती परीक्षागृहातील तीन तासांपुरती आहे. त्याआधीच्या दहा महिन्यांतील रोजच्या नियोजनासाठी तशी तरतूद नाही.

पालकांनी काय विचारावे

अशा मार्गदर्शनाचा व्यवसाय करण्यासाठी भारतात कोणताही वैधानिक परवाना लागत नाही. अमेरिकेतही तशी सक्ती नाही. तेथील व्यावसायिक संघटनांची प्रमाणपत्रे ऐच्छिक आहेत. याउलट चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षकांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे निवड करताना पालकांनी काही प्रश्न विचारणे हितावह ठरते.

मार्गदर्शकाचे शिक्षण काय आणि तो निदान करण्याचा दावा करतो का? दावा करीत असेल, तर त्याची नोंदणी पाहावी. प्रगती कशी मोजली जाईल? ‘आत्मविश्वास वाढेल’ हे उत्तर पुरेसे नाही. वेळेवर जमा झालेल्या कामांची संख्या, स्वतःहून सुरू केलेल्या अभ्यासाचे दिवस अशी मोजता येणारी खूण असावी. मुलाची स्वतःची संमती घेतली आहे का? मुलाच्या इच्छेविरुद्ध लादलेले नियोजन हे पुन्हा दुसऱ्याचेच नियोजन असते. आणि अखेरचा, सर्वांत उपयुक्त प्रश्न : हे मार्गदर्शन केव्हा आणि कसे थांबेल? याचे स्पष्ट उत्तर नसेल, तर परांची काढण्याचा विचारच झालेला नाही, असे समजावे.

घरी आणि शाळेत करता येण्याजोगे

या पद्धतीतील बरीच साधने फुकट आहेत. घरात सर्वांना दिसेल अशी एकच दिनदर्शिका टांगून तिच्यावर चाचण्या आणि मुदती मुलानेच लिहाव्यात. दप्तर भरण्याची चार-पाच ओळींची यादी दाराच्या आतील बाजूस लावावी. काट्यांचे घड्याळ अभ्यासाच्या जागेसमोर असावे, कारण त्यात सरलेला आणि उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो. सूचना एका वेळी एक द्यावी. ‘झाला का अभ्यास?’ या प्रश्नाऐवजी ‘आता पहिले काय करणार आहेस?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही यावर संपते; दुसऱ्यात मुलाला क्षणभर का होईना, आखणी करावी लागते.

शाळेत शिक्षकांनी मोठ्या प्रकल्पाला एकच अंतिम तारीख देण्याऐवजी मधल्या टप्प्यांच्या तारखा द्याव्यात. वरच्या इयत्तांत हे टप्पे विद्यार्थ्यांकडूनच ठरवून घ्यावेत. तासाची शेवटची पाच मिनिटे गृहपाठ लिहून घेण्यासाठी आणि तो कधी करणार, हे समोर नोंदवण्यासाठी राखून ठेवावीत. ॲडेल डायमंड आणि कॅथलीन ली यांनी २०११ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार ज्या मुलांच्या कार्यकारी क्षमता आरंभी सर्वांत कमी असतात, त्यांनाच अशा उपक्रमांचा सर्वाधिक लाभ होतो. हुशार पण अव्यवस्थित म्हणून मागच्या बाकावर गेलेल्या मुलांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

मर्यादा आणि भान

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. बालपणीचा आत्मसंयम आणि ३२ व्या वर्षीचे आरोग्य व आर्थिक स्थिती यांत संबंध असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. अशा निष्कर्षांवरून सर्व जबाबदारी मुलाच्या स्वभावावर टाकण्याचा मोह होतो. त्याला छेद देणारा एक छोटा प्रयोग सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर येथे केला. समोरची मिठाई न खाता थांबल्यास दुसरी मिळेल, असे २८ लहान मुलांना सांगण्यात आले. त्यापूर्वी निम्म्या मुलांना दिलेले रंगसाहित्याचे आश्वासन पाळले गेले होते, निम्म्यांना दिलेले मोडले गेले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्याशी शब्द पाळला गेला ती मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली; ज्यांची निराशा झाली होती ती सुमारे ३ मिनिटे. दिलेला शब्द पाळला जातो असा अनुभव असला, तरच थांबणे शहाणपणाचे ठरते. अपुरी झोप, घरातील अस्थैर्य, अभ्यासाला नसलेली जागा किंवा शाळेनंतरचे अर्थार्जन यांवर नियोजनाची वही हा उपाय नाही.

तसेच सततची उदासी, झोप किंवा भूक हरपणे, स्वतःला इजा करण्याचे विचार, अशी लक्षणे दिसत असतील, तर मार्गदर्शकाऐवजी तज्ज्ञांकडेच जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून ती अनेक भारतीय भाषांतून दिली जाते.

कार्यकारी क्षमतांच्या मार्गदर्शनात चमत्कार नाही. यादी, घड्याळ, दिनदर्शिका, नोंदवही आणि दर आठवड्याला शांतपणे ‘काय अडले?’ असे विचारणारी एक व्यक्ती, एवढेच त्याचे साहित्य आहे. परंतु ‘आळशी’ हा शेरा मुलाला काय करायचे ते सांगत नाही, आणि हे साहित्य सांगते. विद्यार्थ्याचा दिवस दुसऱ्या कोणी कितीही चोख आखून दिला, तरी एक दिवस तो त्याला स्वतःच आखावा लागणार आहे. त्या दिवसाची तयारी शाळेच्या वयात, चुका स्वस्त असतानाच झाली, तर पुढची अनेक वर्षे सोपी होतात.